डबीतली साखर

आतड्याच्या कॅन्सरच्या सरकारी तपासणीसाठी आम्ही गोहलपुरात घरोघरी शौचाच्या नमुन्याच्या डब्या वाटत होतो. माझ्या डब्या लोक धुऊन, साखर घालून परत करत. कुणाचं भांडं रिकामं कसं द्यायचं! पलीकडच्या गल्लीत वाटणाऱ्या दीदीच्या मात्र सगळ्या नमुन्यासकट येत. एकेका झाकणावर टिचकी मारत ती डब्या पेटीत रचायची, आणि माझा नुसता जळफळाट व्हायचा.

शेवटी मी विचारलंच, “काहून जी, तुम्हालाच बरे देतात सगळे?”

“मी पहिले माझीच डबी दिली,” टिचकी न थांबवता ती म्हणाली. “तेच सांगून राहिली सगळ्यांना. तुम्ही दिली ना?”

“हो तर,” मी म्हटलं.

माझ्या डबीत मी घरी लवंगा भरून ठेवल्या होत्या.