एका तक्रारीची वाट

मारुंजीत राहायला गेलो तेव्हा तिथे खाली शेळ्या आणि वर भाडेकरू अशी घरं होती. अशाच एका घरात माझी खोली. मी लातूरकडचा, नोकरी शेजारी हिंजवडीत. घरमालकिणीला मावशी म्हणायचो. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "लगीन न्हाई, मानूस न्हाई, येकटा हितं करनार काय तू?" काम करणार, म्हटलं. तेवढं मात्र खरं केलं.

काम सांगतो. साधी ऑपरेटिंग सिस्टीम सरकारी कचेरीसारखी असते, सवड झाली की तुमचं बघते. करवतीच्या यंत्राला ते चालत नाही. थांब म्हटलं की पातं त्या क्षणी थांबलं पाहिजे, नाहीतर बोटं गेली. म्हणून सिस्टीमला एक रिअल-टाइम जोड लावतात. ही जोड जगभरातली माणसं हौसेने, फुकट लिहायची, आणि आमच्या कंपनीला एका गिऱ्हाइकासाठी ती नव्या जातीच्या प्रोसेसरवर बसवून द्यायची होती. आम्ही तिघं होतो. मधेच गिऱ्हाईक फिरलं. आम्हाला तिघांनाही बँकेच्या प्रोजेक्टवर टाकलं. मॅनेजर म्हणाला, "सोड आता. कशाला नसती उठाठेव?" पण अर्धवट टाकलेलं काम माझ्या डोक्यातून जाईना. हट्टी आहेच मी. त्याला विचारून तो प्रोसेसर बसवलेला बोर्ड घरी आणला आणि सुट्टीच्या दिवशी एकटाच त्याच्यामागे लागलो.

या कामात सरासरीला काडीची किंमत नाही. यंत्राला मुद्दाम छळायचं, नको नको ती कामं द्यायची आणि सगळ्यात जास्त उशीर किती झाला तेवढाच आकडा धरायचा. माझंही तसंच होतं. सरासरी बरा होतो. रविवारी दुपारी डबा धुऊन ठेवला की मात्र जीव नकोसा व्हायचा. फोन करावा असं कुणी नव्हतं, आणि केला तरी सांगणार काय?

शेवटी ते चाललं. ती जोड लिहिणाऱ्यांचा एक ईमेल-गट होता, तिथे पाठवलं. गटाच्या प्रमुखाने एका ओळीत आभार मानून काम घेतलं. मी पेढे आणले.

"लगीन ठरलं?" मावशी म्हणाली.

"नाही."

"मग पेढं कशाचं?"

ते काही तिला सांगता आलं नाही. पण पेढा तिने खाल्ला.

मग वाट बघणं सुरू झालं. आमच्या धंद्यात कौतुकाची पत्रं येत नाहीत. आपलं काम कुणी वापरतंय हे कळतं ते शिव्या आल्यावर. मला एक तक्रार हवी होती. ब्राझीलमधून येवो, कोरियातून येवो, पण यावी. रोज सकाळी चहाच्या आधी ईमेल उघडायचो. दुसऱ्यांच्या कामांवर रोज भांडणं चाललेली असायची, माझ्याकडे कुत्रंही फिरकत नव्हतं.

मावशीला एकदा सांगितलं, तर ती म्हणाली, "तक्रार न्हाई म्हंजी माल चांगला हाय की. आमच्या दुधाची बी कुणी तक्रार करत न्हाई." मी ते पटवून घेतलं. ऑफिसात कुणी टोचून बोललं की मनात म्हणायचो, बोला लेको, माझं काम कुठल्यातरी कारखान्यात मुकाट चाललंय. त्या कारखान्याच्या जिवावर मी दोन वर्षं काढली.

मारुंजीत तेव्हा रोज तासन्‌तास वीज जायची, त्यामुळे बोर्ड सलग दिवसभर कधी चाललाच नव्हता. पुढे मावशीच्या मुलाने इन्व्हर्टर बसवला आणि माझ्या खोलीलाही एक वायर दिली. दिवाळीला गावी जाताना मी बोर्ड चालूच ठेवला. परत येऊन बघतो तर ठप्प. धुळीला, उकाड्याला, इन्व्हर्टरला, सगळ्यांना शिव्या घालून झाल्या. पुन्हा चालू केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा ठप्प. मग सापडलं. वेळ मोजायचा आकडा मीच लहान ठेवला होता. विजेच्या मीटरसारखा तो दिवसभरात भरून शून्यावर यायचा आणि सगळं तिथेच अडकायचं. दोन ओळी बदलल्या आणि काम झालं.

घटकाभर बरं वाटलं. मग लक्षात आलं. ज्याने कुणी माझं काम एक दिवस, एक रात्र चालू ठेवलं असतं, त्याचं यंत्र अडकलंच असतं, आणि त्याने बोंब मारलीच असती. म्हणजे कारखाना नव्हता. कोरिया नव्हता. एवढ्या मोठ्या जगात एकानेही ते एक दिवस चालवून बघितलं नव्हतं. इतकं एकटं मला मारुंजीत आल्यापासून कधी वाटलं नव्हतं.

मावशी चिवडा घेऊन वर आली. "त्वांड का उतरलंय?"

"कामात चूक निघाली, मावशी."

"मग कर की नीट."

"केली. पण दोन वर्षं कुणाच्या ध्यानातच आली नाही."

"बरंच झालं की," ती म्हणाली. "आब्रू वाचली."

दुरुस्ती गटाला पाठवताना खाली एक ओळ लिहायची रीत आहे. ही चूक कुणी कळवली, त्याचं नाव आभार म्हणून तिथे घालतात. कुणी कळवली नसेल तर ओळ गाळली तरी चालते. मला ती गाळवेना. तिथे मी माझं नाव लिहिलं.