धाकटीची नागीण आणि माझी

धाकटीला काही दुखलं की मंगळवार पेठेतल्या आमच्या अख्ख्या बोळाला ते पंधरा मिनिटांत कळायचं. विळीनं बोट कापलं तर समोरच्या घरातून हळद यायची, मागच्या घरातून चिंधी, आणि कोपऱ्यावरची म्हातारी काठी टेकत नुसतं बघायला यायची. धाकटी उंबऱ्यात बसून ते बोट आल्यागेल्याला दाखवायची. मलाही तीन-तीनदा दाखवायची. "अक्का, बघा की, केवढं रगात गेलं." मी बघायचे. मला ते रक्त कधी दिसलं नाही.

धाकटी म्हणजे माझी धाकटी जाऊ. तिचं नाव सुमन, पण या घरात आल्या दिवसापासून ती धाकटी झाली आणि साठी उलटली तरी धाकटीच राहिली. माझ्यामागून चार वर्षांनी ती आली. दोन भाऊ, एक घर, एकच चूल. मी शाळेत शिकवायला जायचे, ती घर बघायची. भांडणं झाली नाहीत असं नाही, पण ती भाजी खारट झाली, दूध उतू गेलं, एवढ्यावरच मिटायची. खरं भांडण माझ्या पोटात होतं आणि ते मी कुणाला सांगितलं नव्हतं.

मी तिच्या अगदी उलट. ताप आला तरी शाळा चुकवायची नाही, दाढ सुजली तर गालाला पदर लावून फळ्याकडे तोंड करून शिकवायचं. सगळं अंगावर काढायचं. सासूबाई आल्यागेल्यांना कौतुकानं सांगायच्या, "थोरली माझी लई सोशिक. मेली तरी बोलायची न्हाय." आयुष्यात मला मिळालेलं हे एवढंच पदक, आणि ते मी जिवापाड जपलं.

आता या वयात लपवण्यासारखं काही नाही, म्हणून स्पष्टच लिहिते. मला धाकटीचा हेवा वाटायचा. तिच्या साड्यांचा नाही, दागिन्यांचा नाही, रूपाचा तर नाहीच. ती "दुखतंय" म्हणाली की कुणीतरी "कुठं?" असं विचारायचं, त्याचा. तिचं डोकं दुखलं तर तिचा चहा अंथरुणावर जायचा, आणि माझा ओट्यावर गार होऊन साय धरायचा. आमचे हे तसे अबोल. तीस वर्षांत त्यांनी मला काय होतंय म्हणून विचारलं नव्हतं. पण तेसुद्धा एकदा लगबगीनं स्वयंपाकघरात आले आणि म्हणाले, "धाकटीचं डोकं धरलंय म्हणे. बाम कुठाय?" मी बाम काढून दिला. त्या दिवशी माझंही डोकं दुखत होतं. बामाची बाटली माझ्याच कमरेला खोचलेली होती, तरी त्यांना काही सुचलं नाही.

"अक्का, दुखणं काय लोणचं हाय व्हय, मुरवत ठिवायला?" असं ती मला म्हणायची. दवाखान्यात तर ती रमायची. डॉक्टरांनी काय होतंय विचारलं की ती सोमवारपासून सुरुवात करायची. "सोमवारी सकाळी भाकरी थापताना पयल्यांदा हितं चमक आली बघा. मंगळवारी जरा सरकली. बुधवारी आमच्या ह्यांचा उपास, तवा..." डॉक्टर पेन खाली ठेवून ऐकत राहायचे. बाहेर बाकावर बसलेली माणसं चुळबुळ करायची आणि मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचायचे. मला तिची लाज वाटायची, आणि लाजेच्या खाली काय होतं ते मी वर सांगितलंच आहे.

पाच वर्षांपूर्वी तिला नागीण झाली. सकाळी पाठीत डाव्या बाजूला आग व्हायला लागली, दुपारी चार फोड दिसले, आणि संध्याकाळी ती दवाखान्यात हजर. बरोबर भाऊजी, मुलगा आणि शेजारच्या दोघी. सात दिवसांच्या गोळ्या, रोज पाच वेळा. तिचं अंथरूण पुढच्या खोलीत आलं. शहाळी आली, मऊ धोतरं फाडून झाली. कोपऱ्यावरची म्हातारी म्हणाली, नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस हाती लागत नाही. धाकटीनं लगेच भाऊजींना दवाखान्यात पाठवून तेही विचारून घेतलं. डॉक्टरांनी सांगितलं की लहानपणच्या कांजिण्यांचे जंतू शिरेत झोपून असतात आणि वय झालं की उठतात. ते एकाच बाजूनं जातात, जुळत-बिळत काही नाही. मग येईल त्याला धाकटी हे समजावून सांगू लागली. मी इतकी वर्षं शाळेत शिकवलं, पण एवढ्या एकाग्रतेनं माझं कुणी ऐकलं नव्हतं.

वीस दिवसांत खपल्या पडल्या आणि बाई रंकाळ्यावर भेळ खायला गेली. तिला नागीणसुद्धा मिळाली ती लाडाची. मला राहवलं नाही. स्वयंपाकघरात माझ्या नणंदेशी बोलताना मी म्हणाले, "एवढंसं ते पुरळ आणि केवढा थाट. मला झालं असतं तर कुणाला कळलंसुद्धा नसतं." मागं वळले तर दारात धाकटी उभी. हातात रिकामा तांब्या. तिनं पाणी भरून घेतलं आणि ती गेली.

हे वाक्य माझ्याच अंगावर आलं. दोन वर्षांपूर्वी चैत्रात, जोतिबाच्या यात्रेला चार दिवस असताना, माझ्या उजव्या कमरेवर परकराची नाडी बसते तिथं आग व्हायला लागली. आरशात बघितलं. भिजवलेल्या साबुदाण्यासारखी फोडांची ओळ. बघताक्षणी ओळखलं. आणि खरं सांगते, मनात पहिला विचार दुखण्याचा आला नाही, धाकटीचा आला. आता मी सांगितलं तर ती म्हणणार, "काय अक्का, कळलं न्हवं समद्यास्नी?"

म्हणून दवाखान्यात गेलेच नाही. भावाला बघून येते असं सांगून माहेरी गडमुडशिंगीला गेले. तिथं एक म्हातारबाबा नागिणीला गेरू लावतात. त्यांनी कोंबडीचं पीस गेरूत बुडवून फोडांभोवती कुंपण काढलं, डोळे मिटून काहीतरी पुटपुटले आणि पथ्य सांगितलं. तेल नाही, आंबट नाही. "आन् पाच दिस कुणाला सांगायचं न्हाय. सांगितलं की गुण जातो." माझ्या स्वभावाला इतकं मानवणारं औषध मला जन्मात कुणी दिलं नव्हतं. मी समाधानानं घरी आले.

यात्रेच्या दिवशी घरात वीस-बावीस माणसं. डोंगरावरून दर्शन करून आलेली, केसांपासून नखांपर्यंत गुलालानं माखलेली. नैवेद्याच्या पोळ्या थोरलीच्या हातच्याच, ही आमच्या घरची पद्धत. मी तव्यापुढं उभी. परकराची नाडी घासली की कमरेवर निखारा ठेवल्यासारखं व्हायचं आणि डोळ्यांतून पाणी यायचं. कुणी विचारलं तर मी कांद्याचं नाव सांगत होते. नैवेद्याच्या स्वयंपाकात कांदा नसतो. पण पोळीची वाट बघणाऱ्या माणसाला एवढं सुचत नाही. माझ्या पातळावर कमरेशी लाल डाग पडला होता, तोही गुलालात खपून गेला.

धाकटी तूप न्यायला आली आणि माझ्या मागं थांबली. तिनं त्या डागाला नुसतं बोट लावलं. "आई गं," माझ्या तोंडून गेलं. तिनं बोट नाकाशी नेऊन वास घेतला आणि पुढं वाकून गॅस बंद केला.

"हे गेरू हाय. किती दिस झालं?"

"चार."

"आन् मला सांगितलं न्हाईसा?"

मी काही बोलणार तोवर ती बाहेरच्या खोलीकडं तोंड करून ओरडली, "अवो, ऐकताय न्हवं? अक्कांना नागीण झालीया, आन् ही बाई चार दिस झालं हितं मरमर मरतीया!" एवढं म्हणून ती ओट्याखाली फतकल मारून बसली आणि हमसून हमसून रडायला लागली. सगळं घर गोळा झालं. कुणी तिची पाठ चोळली, कुणी पंखा लावला. आमचे हे पाण्याचा पेला घेऊन धावत आले आणि तो तिच्या हातात दिला. नागीण माझी, आणि पाणी पीत होती ती. मी लाटणं हातात धरून उभी होते. पाठीचा कणा ताठ ठेवून मी मनात म्हटलं, हेसुद्धा घेतलंस ना माझं.

त्याच संध्याकाळी तिनं मला ओढत दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "खूप दुखतंय का?"

"नाही तसं. थोडं," मी म्हणाले.

"थोडं?" धाकटी स्टूल ओढून पुढं सरकली. "डाक्टर, हिचं थोडं म्हंजे आमचं ॲडमिट व्हायचं बगा. निखारा ठिवल्यागत हुतंय. कापाड लागलं तरी कळ जाती. चार रात्री डोळ्याला डोळा न्हाय हिच्या." मी तिच्याकडं बघत राहिले. झोप नाही हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. तिनं एक शब्द चुकीचा सांगितला नाही.

डॉक्टर रागावले नाहीत, पण म्हणाले, पहिल्या तीन दिवसांत यायला हवं होतं. अजून नवे फोड येत होते म्हणून गोळ्या दिल्या. कातडी सुकली तरी ठणका मागं राहू शकतो, असंही सांगितलं. तो राहिला. तीन आठवड्यांत खपल्या पडल्या आणि आग तशीच. आजही आहे. कधी आतून सुई ओढल्यासारखी, कधी नुसती फुंकर लागली तरी उठणारी. धाकटी अंगणात वाकून पाण्याची बादली उचलायची आणि मी पलंगावरून तिच्या कमरेकडं बघत राहायचे. तेवढा हेवा मी तिच्या साऱ्या चहाच्या कपांचाही केला नव्हता. तेच दुखणं, तेच डॉक्टर, त्याच गोळ्या. तिचं वीस दिवसांचं, माझं दोन वर्षांचं. मध्ये फरक एवढाच की ती बोलली होती.

मग माझं दुखणं सांगायचं काम तिनंच घेतलं. दर खेपेला बरोबर यायची, स्टुलावर बसायची आणि सोमवारपासून सुरुवात करायची. पुढं पुढं डॉक्टर माझी नाडी बघायचे आणि प्रश्न तिला विचारायचे. शिरांच्या दुखण्याची गोळी सुरू झाली, वाढली, आणि मला रात्रीची चार-पाच तास झोप मिळायला लागली. ती तिच्या सांगण्यामुळं मिळाली, हे मला कबूल करावंच लागतं. तिनं आपली जुनी, धुऊन धुऊन साय झालेली सुती साडी फाडली आणि मला सैल झगे शिवून दिले. "नेसणं सोडा अक्का. कोण बघतंय तुमाला?" वयाच्या सहासष्टाव्या वर्षी मी झगा घातला.

एका दुपारी ती माझ्या कमरेवर ओला पंचा ठेवत होती. मी विचारलं, "यात्रेच्या दिवशी मला टोमणा का नाही मारलास? तुझा हक्क होता."

"मारणार हुतो की," ती म्हणाली. आमच्याकडं बायकाही अशा पुरुषासारख्या बोलतात. "पर तुमी तव्यापुढं हुबारलेल्या. मग ऱ्हायलं." थोडा वेळ तिनं पंचा नीट केला. "अक्का, सासूबाई गेल्या तवर समद्या घरात तुमचंच नाव. थोरली शानी, थोरली सोशिक, थोरली नोकरीवाली. मला कुणी कधी चांगलं म्हटलं? दुखलं म्हटलं की तेवढं 'काय झालं गं' म्हणायची माणसं. तेवढंच मिळत हुतं, ते घेतलं."

इतकी वर्षं मी तिच्या चहाकडं बघत होते आणि ती माझ्या पदकाकडं. एकाच चुलीपुढं उभं राहून दोघींनी एकमेकींचं ताट बघितलं.

गेल्या दिवाळीनंतर ती गेली. म्हणजे पुण्याला. मुलानं तिथं फ्लॅट घेतला, नातू झाला, आणि भाऊजी आणि ती तिकडं राहायला गेली. निघायच्या दिवशी मोठा देखावा होणार अशी माझी खात्री होती. सकाळपासून मी मन घट्ट करून बसले होते. पण बाई रडली नाही. तिनं माझ्या सुनेला, स्नेहलला, हाताला धरून माझ्यासमोर उभं केलं आणि सांगितलं, "ध्यानात ठेव. ही बरं हाय म्हणाली की समजायचं दुखतंय. थोडं म्हणाली की डाक्टर." मग माझ्याकडं वळून "येतो अक्का" म्हणाली आणि गाडीत बसली. कापलेल्या बोटासाठी तासभर रडणारी बाई माझ्यासाठी डोळे ओले न करता गेली. मला त्याचाही राग आला. गाडी वळेपर्यंत ती मागं बघत होती आणि तिनं पदर तोंडात घट्ट धरला होता, हे मला नंतर स्नेहलनं सांगितलं. मी तेव्हा दुसरीकडं बघत होते.

त्यानंतर दवाखान्यात मी एकटीच गेले. स्नेहल येते म्हणत होती, मी तिला ऑफिसला पाठवलं. डॉक्टरांनी आधी रिकाम्या स्टुलाकडं बघितलं, मग माझ्याकडं. "कसं आहे?"

"बरं आहे," मी म्हणाले.

ते पेन हातात धरून थोडं थांबले. मी कॅलेंडर वाचत होते. मग ते म्हणाले, "छान. मग गोळी जरा कमी करून बघू."

मी मान हलवली आणि घरी आले. पुढचे आठ दिवस कसे गेले ते लिहीत नाही. झोप पार उडाली. झग्याचा काठ लागला तरी जीव कळवळायचा. स्नेहल विचारायची, मी "थोडं" म्हणायचे नाही, कारण त्या शब्दाचा अर्थ आता घरात सगळ्यांना माहीत होता. मी "उन्हाळ्यानं" म्हणायचे.

रविवारी अकराला धाकटीचा फोन येतो. त्या रविवारीही आला आणि नेहमीसारखा सुरू झाला. "अक्का, काय सांगू तुमाला, ह्या गुडघ्यानं नुसता वैताग आणलाय बगा. हितली लिफ्ट दोन दिस झालं बंद, आन् मी चौथ्या मजल्यावर..." मी ऐकत होते. चाळीस वर्षं ऐकलं होतं. कमरेत सुई ओढली गेली. समोर ओट्यावर माझा चहा होता आणि त्यावर साय आली होती.

"धाकटे," मी म्हणाले, "थांब जरा. आज आधी माझं."

पलीकडं खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"सांगा अक्का," ती म्हणाली. "कुठं?"

मी सोमवारपासून सुरुवात केली.