समोरच्याची बाजू

ग्रंथालयाच्या काउंटरवर बसणाऱ्या मावशींना अख्खं विद्यापीठ ओळखत होतं, पण कमरेपासून वर. चष्मा, शिक्का आणि दंड सांगणारा आवाज, एवढ्या मावशी सगळ्यांच्या परिचयाच्या. म्हणून पन्नाशीला टेकलेल्या मावशी एका संध्याकाळी काउंटर बंद करून, पिशवी सांभाळत सेमिनारच्या खोलीत आल्या आणि पोरांच्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या, तेव्हा पोरं चपापली.

"मावशी, माझं पुस्तक उद्या नक्की आणतो हं," एकजण घाईघाईने म्हणाला.

"आण की. इथे मी तुझी वर्गमैत्रीण. तिथे मात्र मावशीच."

पदवी अर्धवट सोडून त्यांनी संसाराला हात घातला होता. आता मुलं आपापल्या वाटेला लागली, तशी ती जुनी ठसठस वर आली. नोकरीतल्या माणसाला संध्याकाळचे वर्ग करता येत होते. बाकीचे विषय सुटले. राहिला हा एक, आजच्या जगाचे प्रश्न.

शिकवणारे सर बोलायचे कमी. कुणी काहीही म्हटलं की आधी "हं" म्हणायचे. त्या एका "हं"मध्ये बरं, पुरे आणि घरून वाचून ये, असं सगळं मावायचं. पहिल्याच दिवशी त्यांनी अपेक्षा सांगून टाकल्या. वाचून यायचं; वाचलं नसेल तर तसं सांगून गप्प बसायचं. मोठ्या आवाजाला गुण नाहीत. प्रत्येक प्रश्नावर दोन पानं लिहायची, ती आपल्या शब्दांत. आणि शेवटी एक काम, ज्याच्या नावानेच पोरं कुरकुरायची: समोरच्याची बाजू. सत्रभर ज्याच्याशी भांडलात, त्याचंच म्हणणं उभं राहून मांडायचं. असं मांडायचं की त्याने स्वतः म्हणावं, "हो, हेच माझं म्हणणं." तो हो म्हणेपर्यंत काम अपुरं, आणि काम अपुरं तर विषय राहिला.

मावशींच्या वाट्याला आली तोफ. हे नाव पोरांनीच ठेवलेलं. बारीक चणीची मुलगी, पण बोलायला लागली की खिडकीच्या काचा थरथरायच्या. प्रश्न होता, बाहेरच्या देशांतून येणाऱ्या स्वस्त मालाला आळा घालावा का. तोफ म्हणायची, घालू नये. मावशी म्हणायच्या, घालावा. मावशींचं म्हणणं पुस्तकातून आलेलं नव्हतं, ते घरातून आलं होतं.

घरी फिटर होते, म्हणजे त्यांचे यजमान. उभी हयात त्यांनी कुलपांच्या कारखान्यात काढली. पत्रा कापणाऱ्या प्रेस त्यांच्या हाताखाली. मग बाजारात बाहेरची कुलपं आली, निम्म्या भावाची, आणि कारखान्यालाच कुलूप लागलं. आता फिटर चौकात एका खोक्यावर बसून किल्ल्या घासत. त्यातल्या बहुतेक त्याच परक्या कुलपांच्या. माणूस तक्रार करणारा नव्हता, पण त्या मालाचं नाव निघालं की जेवता जेवता हात थांबायचा.

आणि आता मावशींना त्याच मालाची वकिली करायची होती.

सकाळी भाजी चिरता चिरता त्या मनाशी बोलत होत्या. मनातलं कधी ओठांवर आलं, त्यांचं त्यांना कळलं नाही. "स्वस्त वस्तू मिळाली की गरिबाच्या हातात चार गोष्टी जास्त येतात..."

दारात फिटर उभे. "कोण म्हणतं असं?"

"मी नाही हो. ती पोरगी म्हणते. मला तिचं म्हणून दाखवायचंय."

"शत्रूचं गाणं घरात गायचं, आणि वर त्याला अभ्यास म्हणायचं!"

"अहो, नियमच आहे तसा."

"नियम करणाऱ्याचा कारखाना बंद पडला होता का, विचार त्याला."

एवढं बोलून फिटरनी जी तोंडात मिठाची गुळणी धरली, ती सोडलीच नाही. चहा पुढे केला की घ्यायचे, कप रिकामा करून ठेवायचे, निघायचे. भांडण परवडलं, हा अबोला नको, असं मावशींना झालं.

त्यांचा दिवस आला. त्या उभ्या राहिल्या आणि स्वस्ताई, निवड, जुन्या कारखान्यांची सुस्ती, सगळं नीट ओळीने सांगितलं. आवाज कापला नाही. पोरांनी टेबलावर थापा मारल्या. सरांनी तोफेकडे पाहिलं.

तोफेने वही मिटली. मग म्हणाली, "नाही."

"काय नाही?" मावशींनी विचारलं.

"मावशी, माझा मुख्य मुद्दाच राहिला. तो तुम्हाला माहीत आहे. पहिल्या आठवड्यात मी त्याच्यावरूनच ओरडले होते."

माहीत होताच. मावशींनी तो हातचा राखला होता. तोफेचं खरं म्हणणं होतं, की इथे कारखाना बंद पडला तेव्हा तिकडे कुणाच्या तरी घरी पहिल्यांदा पगार आला. ते घरही घरच आहे. बाकी सगळं मावशी बोलू शकत होत्या. हे एक बोलणं म्हणजे आपल्या माणसाच्या पाठीत सुरा, असं त्यांना वाटलं होतं.

"हं," सर म्हणाले. "ताई, पुढच्या आठवड्यात पुन्हा."

घरी आल्यावर मावशींनी पिशवीही खाली ठेवली नाही. फिटर पायरीवर कानस पुसत बसले होते. त्या समोर उभ्या राहिल्या आणि एका दमात सगळं सांगितलं: राहिलेला मुद्दा, तो का राहिला, आणि तो मांडल्याशिवाय पास होणं नाही. "तुम्ही नको म्हणालात तर विषय सोडते. इतकी वर्षं पदवीवाचून अडलं नाही. पण बोलायचं झालं तर तुमच्या पाठीमागे बोलणार नाही."

फिटर कानस पुसत राहिले. ती केव्हाच लख्ख झाली होती.

"प्रेस तिकडेच गेल्या," ते शेवटी म्हणाले.

"कुठल्या प्रेस?"

"आपल्या. मालकाने विकल्या. ग्रीस लावून खोक्यांत मीच भरल्या. खोक्यांवर त्या कुलपांच्याच देशातल्या बंदराचं नाव लिहिलेलं होतं." ते थांबले. "तिसरी प्रेस खाली येताना डावीकडे झुकते. पत्रा वाकडा कापते. खाली पातळ पट्टी सरकवली की सरळ. मला कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. रागात होतो. आता तिच्यापुढे कुणी उभा असेल, वाकडे पत्रे काढून वरच्याच्या शिव्या खात असेल. माझ्यासारखाच असेल. दुसरा कसा असणार?"

मावशी त्यांच्या शेजारी पायरीवर बसल्या.

"सांग त्या वर्गात," फिटर म्हणाले. "पूर्ण सांग. अर्धं काम मला कधी आवडलंय?"

पुढच्या आठवड्यात मावशींनी फार बोलणं केलंच नाही. तिकडच्या एका प्रेसपुढे उभा असलेला माणूस सांगितला, त्याचा पगार आल्यावर घरात काय काय झालं असेल ते सांगितलं आणि खाली बसल्या. या वेळी थापा पडल्या नाहीत. तोफेचा आवाज पहिल्यांदाच बारीक निघाला. "हो, हेच माझं म्हणणं."

त्या संध्याकाळी जेवताना फिटरनी विचारलं, "म्हणाली का ती 'हो'?"

"म्हणाली."

"मग तुझं मत बदललं म्हण की."

"छे! बाहेरच्या कुलपांवर कर लावायलाच हवा."

फिटर हसले. किती दिवसांनी ते. "आता ती पोरगी तुझी बाजू मांडणार ना? तिने कारखाना बघितलाय का कधी?"

"कुठून बघणार!"

"मग चौकात पाठव तिला. मी असतोच. आणि म्हणावं, घाईत येऊ नकोस, वेळ काढून ये."