न्यायप्रविष्ट मीटर

छापील कागदावर आलेलं कोणतंही देणं माणसाला लागत नाही, असं छातीठोकपणे मानणारा एकच माणूस मी जन्मात पाहिला, आणि माझी लेक नेमकी त्याच्याच घरात दिली. हे आमचे व्याही. राहायला आष्टीत, बोलायला कोर्टात. तसे ते उधारीचे माणूस नाहीत. किराणावाल्याचा पैसा संध्याकाळच्या आत देतात, न्हाव्याला तर उभ्या उभ्या देतात. जमीन चांगली, कापूस पिकतो, दारात दोन म्हशी आहेत. पण विजेचं बिल, नळपट्टी, घरपट्टी असं काही दारात आलं की त्यांच्या अंगात वकील येतो. शिक्षण माझ्याइतकंच, म्हणजे गावच्या शाळेपुरतं. वकिली त्यांनी कोर्टाबाहेरच्या लिंबाखाली उचलली. तरुणपणी चुलत्याच्या बांधाच्या दाव्यात ते साक्षीदार होते. दावा चुलत्याचा, पण तारखा यांनीच केल्या. कोर्टाबाहेर अर्ज लिहिणारे बसतात, त्यांच्या शेजारी बसून बसून यांना हरकत, तजवीज, त्रयस्थ, बिनशर्त असले शब्द लागले, जशी एखाद्याला तंबाखू लागते. शेवटी दोन्हीकडच्यांनी समेट केला आणि यांची साक्ष झालीच नाही. मला वाटतं, ती न झालेली साक्षच हा माणूस जन्मभर देत राहिला.

सोयरीक बघायला आम्ही पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो तेव्हा सांज झाली होती, आणि अख्ख्या गल्लीत उजेड असून यांच्याच घरात कंदील होता. मी विचारलं, "लाईट गेली का?" तर म्हणाले, "गेली न्हाई ईनबाई, प्रकरण चालू हाय." अजून लग्न ठरलं नव्हतं, पण त्यांनी मला ईनबाई, म्हणजे विहीणबाई, करून टाकलं होतं. "कुठल्या कोर्टात?" "कोर्ट न्हाई. माझ्यात आन् कंपनीत." तेवढ्यात आतून त्यांच्या मंडळी चहा घेऊन आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही चहा घ्या. उद्या भरतेत. कापल्याबिगर भरत न्हाईत, एवढंच." मी लेक त्या घरात दिली ती ही बाई बघून. व्याह्यांकडं बघून दिली असती तर मला वेड लागलं होतं असं लोक म्हणाले असते.

त्यांच्या अंगणात विजेचा खांब आहे. हा त्यांचा मुख्य पुरावा. "खांब माझ्या जागेत उभा हाय. भाडं न्हाई, करारनामा न्हाई. मंग बिलातून मी भाडं वळतं करून घेतो, यात बेकायदा काय?" खांबाला ते भाडेकरूच समजतात. दिवाळीत त्याच्या बुडाशी पणती लावतात. एका पावसाळ्यात खांब कलला तेव्हा स्वतः ओंडका लावून तो सरळ केला, आणि मग ओंडक्याचे पैसे मागणारा अर्ज कंपनीला पाठवला. दुसरा पुरावा दिव्याचा. संध्याकाळी दिवा मंद झाला की ते पाहुण्याला हात धरून दिव्याखाली नेतात. "बघा. किलोचे पैसे घेऊन दुकानदारानं तीन पाव साखर दिली तर चालंल का?" मी एकदा म्हटलं, "मग तीन पावाचे पैसे भरा की." तर बराच वेळ विचार करून म्हणाले, "कमी माल घेतला म्हंजे करार मान्य केल्यासारखं हुतंय. असं गुंतायचं नसतं ईनबाई." नळपट्टीचंही तसंच. पाणी देवाचं, नळ पंचायतीचा, पण आपल्या दारापर्यंतचा चर आपण खांदला, त्याची मजुरी कुठाय? नवीन ग्रामसेवक वसुलीला आला तेव्हा यांनी त्याला विचारलं, "आपला मुलुख निजामाकडून हिकडं आला, तव्हाच्या कागदात नळपट्टीचा शब्द हुता का?" तो बिचारा म्हणाला, वर विचारून सांगतो. तेव्हापासून तो पट्टीचा कागद दुसऱ्याच्या हाती पाठवतो.

मीटरखाली त्यांनी पत्र्याची पाटी लावली आहे. रंगाऱ्याकडून अक्षरं काढून घेतली आहेत: 'सदर मीटर न्यायप्रविष्ट आहे. छेडछाड करू नये.' मी विचारलं, "कुठं दाखल हाय?" म्हणाले, "सध्या माझ्या मनात. तारीख पडली की कळवतो." आता मोबाईल आल्यापासून तर त्यांना देशभरातले जोडीदार मिळालेत. कोणीतरी त्यात सांगितलं, की ज्यानं सही केली नाही तो ग्राहकच नव्हे. झालं. यांनी सही करायचं सोडून दिलं. नातवाच्या प्रगतिपुस्तकावरसुद्धा करेनात. "सही केली की माणूस अडकला." पोरगं पास झालेलं, तरी आजोबांची हरकत.

एवढं असून हा माणूस लबाड नाही, हे मला सांगितलंच पाहिजे. एकदा लाईन कापलेली असताना शेजारचा म्हणाला, "तारेवर आकडा टाका की, कोण बघतंय?" तर व्याही त्याच्या अंगावर धावून गेले. "आकडा म्हंजे चोरी! मी चोर न्हाई, मी वादी हाय!" आणि ऐन उन्हाळ्यात पुठ्ठ्यानं वारा घेत बसले. लाईन कापायला येतो त्या वायरमनची शिडी हेच धरतात. तो पडू नये म्हणून. खाली उतरला की त्याला चहा देतात, आणि त्याच्या भावकीच्या वाटणीचा सल्लाही देतात. तो सल्ला ऐकून वायरमनचं काही भलं झालं असं माझ्या कानावर नाही, पण तो येतो मात्र आनंदानं.

हे सगळं चालायचं त्यांच्या मंडळींच्या जिवावर. मीटर त्यांच्याच नावावर होतं. घर बांधलं तेव्हा व्याही चुलत्याच्या तारखेला गेलेले असायचे, म्हणून त्या बाईनं स्वतः जाऊन, रांगेत उभं राहून मीटर घेतलं. लाईन कापली की त्या एक दिवस काही बोलत नसत. दुसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता म्हणायच्या, "झालं का तुमचं? पैसे फळीवर ठेवलेत, जल्दी जाऊन या." मग व्याही टोपी घालायचे, जायचे, भरायचे, आणि पावतीवर आपल्या हातानं लिहायचे, 'हरकत राखून भरले.'

गेल्याच्या गेल्या थंडीत त्या गेल्या. छातीत दुखतंय म्हणाल्या आणि दवाखान्यात न्यायच्या आत संपलं. चांगली बाई होती. माझ्या लेकीला तिनं कधी उपाशी झोपू दिलं नाही, आणि माझ्यासमोर तिची कधी तक्रार केली नाही. याहून जास्त मी कोणाबद्दल बोलत नाही.

त्यानंतर व्याह्यांनी नवीन मुद्दा काढला. "ग्राहक मयत. मयताकडून वसुली करायची तर कंपनीनं तिकडं जावं." फळीवर पैसे ठेवणारं कोणी नव्हतं, म्हणून या वेळी ते भरायलाही गेले नाहीत. जावई अधूनमधून थोडे भरत, त्यावर लाईन टिकून राहिली. व्याह्यांना ते माहीत होतं. त्याला ते 'त्रयस्थाची ढवळाढवळ' म्हणत. पोटचा पोरगा, आणि त्रयस्थ!

हे असंच चाललं असतं, पण लता, माझी लेक, तिला मिरची कांडपाचं यंत्र घ्यायचं होतं. बचत गटानं तिचं नाव काढलं होतं. आष्टीत उन्हाळ्यात बाया मिरची-हळद घेऊन लांब जातात. घरातच कांडप टाकलं तर चार पैसे तिच्या हातात येणार होते, नवऱ्याला न मागता. पण त्याला लाईट वाढवून पाहिजे. वीज कार्यालयात सांगितलं, आधी मागची बाकी भरा आणि मीटर जिवंत माणसाच्या नावावर करा. सासऱ्यांना ती मामा म्हणते. मामांना तिनं पुन्हा पुन्हा विचारलं. शेवटी मला फोन केला. "आई, गटातल्या बाया म्हणून राह्यल्या, तुझ्याच्यानं हुत न्हाई तर यंत्र दुसरीला देतो. उन्हाळा गेला की मिरची गेली. मामा तुझंच ऐकतेत, तू ये."

"काय म्हणतेत ते?" मी विचारलं.

"कायच न्हाई. बाकी भरा म्हणलं तर भांडतेत. नावाचं काढलं की उठून म्हशीकडं जातेत."

हे ऐकून मला नवल वाटलं. हा माणूस नातवाच्या प्रगतिपुस्तकावर हरकत घेतो, आणि या एका गोष्टीला त्याच्याकडं कलम नाही?

मी घनसावंगीहून निघाले, जीप बदलत आष्टीला पोचले, रात्री जेवून झोपले. सकाळी ओसरीवर चहा घेत होतो. मी विषय काढणार, तेवढ्यात फाटकाशी मोटरसायकल थांबली. बिल वाटणारा माणूस गाडीवरूनच ओरडला, "द्वारकाबाई! बिल!"

व्याही उठले. खुंटीवरची टोपी घातली, सदरा खाली ओढून सारखा केला, आणि "हां, हां, हाय घरी," म्हणत फाटकाकडं गेले. दोन्ही हातांनी बिल घेतलं. किती आलं ते बघितलं नाही. खांबाचं भाडं काढलं नाही, साखर काढली नाही. कागद घडी करून वरच्या खिशात ठेवला आणि येऊन बसले.

मी चहा खाली ठेवला. द्वारका हे त्या बाईचं माहेरचं नाव नव्हतं. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवऱ्यानं लिहिलेलं. लिहिलं तेवढंच, तोंडानं त्यांनी कधी घेतलं नाही. आमच्या वेळच्या बाया नवऱ्याचं नाव घेत नाहीत हे सगळ्यांना माहीत असतं. नवरेसुद्धा बायकोचं घेत नसत. 'ऐकलं का', 'कुठं गेली', नाहीतर पोराच्या नावानं हाक. लेकरांची ती आई, सुनेची आत्या, गल्लीची काकू, माझी विहीण. माहेरी म्हणावं तर तिथं नावच दुसरं. द्वारकाबाई म्हणून दारात हाक मारणारा सगळ्या जगात एकच माणूस उरला होता, आणि तो मोटरसायकलवर येत होता.

"व्याही," मी म्हटलं, "नाव बदलून टाका."

"ईनबाई, कायद्याप्रमाणं पाह्यलं तर—"

"कायदा ऱ्हाऊ द्या. मी आत्ता बघितलं."

"काय बघितलं?"

"टोपी घालून कोणाला भेटायला गेल्ते ते."

त्यांनी म्हशींकडं बघितलं. पण उठले नाहीत. म्हणाले, "म्या पैशासाठी करून राह्यलो असं बिलकुल समजू नका."

"न्हाई समजत. पण त्यांला आता लाईट लागत न्हाई. माझ्या लेकीला लागते."

"लई कडू बोलता तुम्ही."

"गोड बोलल्यावर तुम्ही कुणाचं ऐकलंय?"

आतून लताच्या भांड्यांचा आवाज थांबला होता. कान देऊन ऐकत असणार. व्याह्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, पुन्हा घातली. "उद्या जाऊ," म्हणाले. "पण तुम्ही संग चला."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं परतूरला वीज कार्यालयात गेलो. खिडकीत एक तरुण बाई होती, डोळे मशिनीवर, बोटं तयार. व्याह्यांनी घसा साफ केला. "मॅडम, प्रथमतः माझी हरकत अशी, की—"

"काका, मयत ग्राहकाचं नाव सांगा."

त्यांचा हात वरच्या खिशाकडं गेला. बिल काढून पुढं करणार, तर ती म्हणाली, "तोंडी सांगा ना काका, जल्दी. मागं लाईन हाय."

ते माझ्याकडं बघायला लागले. मी सांगावं असं त्यांना वाटत होतं. मला नाव येत होतं, सांगायला जड नव्हतं.

"मी कशाला सांगू?" मी म्हटलं. "तुमची बायको."

मागचा माणूस खाकरला. व्याह्यांनी खिडकीच्या कडेला धरलं.

"द्वारका," ते म्हणाले. इतक्या हळू की ती म्हणाली, "काय?" मग मोठ्यानं म्हणाले, "द्वारका!" सगळ्या खोलीला ऐकू गेलं.

"पुढं?"

"पुढं माझंच नाव हाय," ते म्हणाले.

बाकी त्यांनी सगळी भरली. मीटर सुनेच्या नावावर करायला हरकत नाही, अशा कागदावर सही मागितली, ती केली. पावतीवर काही लिहिलं नाही.

परतीच्या जीपमध्ये ते खिडकीशी बसले. गाव मागं पडलं तसे म्हणाले, "द्वारकाला जीपमधी मळमळायचं. लिंबू संग ठेवायची." थोड्या वेळानं म्हणाले, "द्वारकाला गवार आवडत नव्हती. माझ्यासाठी करायची, सोता खायची न्हाई." मग द्वारका अशी चालायची, द्वारकानं एकदा पिसाळलेल्या वळूला परातीनं हाकललं, द्वारका हिशोबात माझ्या बापाला ऐकत नव्हती. एवढ्या वर्षांचं तुंबलेलं होतं, मोकळं व्हायला लागलं. समोरच्या माणसानं विचारलं, "द्वारका कोण, लेक का?" व्याही म्हणाले, "न्हाई. मंडळी." आणि पुन्हा सुरू झाले. मी बाहेर बघत बसले. कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून ढीग लावले होते. आष्टी येईपर्यंत मी त्यांना एकदाही थांबवलं नाही, आणि मला ओळखणारे सांगतील, की हे माझ्या स्वभावात नाही.

लताचं कांडप आता चालतं. सगळी गल्ली शिंकते. व्याही खांबाच्या भाड्यावर पुन्हा भांडायला लागलेत, त्यामुळं घरात सगळं बरं आहे असं लेक सांगते.

माझ्या घरचं मीटर अजून मालकांच्या, लताच्या बापाच्या, नावावर आहे. ते जाऊन बरीच वर्षं झाली. आमच्याकडचा बिलवाला हाक मारत नाही, दाराच्या फटीतून कागद आत सरकवून जातो. मी दर महिन्याला वेळेवर भरते, कोणाशी भांडत नाही, म्हणून नाव बदला असं मला कोणी म्हणत नाही, आणि मीही कोणाला विचारायला जात नाही. कागद उचलते, चष्मा लावते आणि ते नाव पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचते. घ्यायचं नसतं. वाचायला काही हरकत नाही.