मी चंद्राला ओवाळणार नाही

माझा धाकटा भाऊ सव्विसाव्या वर्षी डेंग्यूने गेला. आठ दिवसांत. भेटायला येणारे लोक सांगत, चांगली माणसं देवाला लवकर हवी असतात. मला संताप यायचा. आम्हाला नको होता का तो? आणि तो काही एवढा चांगलाही नव्हता. माझी स्कूटर घेऊन जायचा आणि टाकी कोरडी करून आणून लावायचा. नौपाड्यात एका दवाखान्यात फिजिओथेरपीचं काम करायचा. तिथल्या आज्यांना हसवून हसवून चालायला लावायचा, आणि घरी आईने पाणी मागितलं तर ऐकूच न आल्यासारखं करायचा. माणूस गेला की लोक त्याला लगेच संत करून टाकतात. मी ते होऊ देणार नव्हते.

भाऊबीजेला तर तो नुसता वात आणायचा. मी ओवाळत असताना मुद्दाम जांभया द्यायचा, आणि ओवाळणी म्हणून तबकात काय टाकेल याचा नेम नसे. एकदा अर्धी खाल्लेली चकली टाकली. "हवी तर घे, नाहीतर परत दे," म्हणाला. तबक त्याच्या डोक्यात घालायचं तेवढं बाकी ठेवलं मी.

तो गेला त्या वर्षी घरात दिवाळी केलीच नाही. पुढच्या वर्षी भाऊबीजेला आत्या ठाण्याहून आमच्याकडे डोंबिवलीला आली, बाबांना ओवाळायला. बाबा टोपी घालून पाटावर बसले. आत्याने ओवाळलं, बाबांनी तिच्या तबकात साडी ठेवली, आणि मग सगळेच उगाच मोठमोठ्याने बोलायला लागले. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते.

"चल गं, गच्चीवर जाऊ," आत्या मला म्हणाली. "बीजेची कोर फार वेळ राहत नाही. आता समोरच्या टॉवरमागे जाईल. चंद्राला ओवाळून घे."

ज्या बाईला भाऊ नाही, ती भाऊबीजेला चंद्राला ओवाळते. त्यात वाईट काही नाही. आमच्या शेजारच्या काकू दरवर्षी ओवाळायच्या. लहानपणी मला त्यांची कीव यायची.

"मी नाही येणार," मी म्हटलं. "भाऊ नसेल त्यांनी ओवाळावं."

"हट्ट करू नकोस. आईकडे बघ जरा."

आई खाली मान घालून पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. तिनेच आत्याला हे सांगायला लावलं होतं, हे मला तेव्हा कळलं. मला तिची दया आली आणि रागही आला. राग जास्त आला.

"बाबा, उठा जरा," मी म्हटलं. बाबा काही न विचारता उठले. मी पाट पुसला, पुन्हा मांडला, सुपारी ठेवली, निरांजनात तूप घातलं. पाटावर कोणी नव्हतं. ते मलाही दिसत होतं, मला काही वेड लागलं नव्हतं.

आत्या घाबरली. "अगं, रिकाम्या पाटाला ओवाळत नाहीत! औक्षण आयुष्यासाठी करतात. आता कोणासाठी मागणार आहेस आयुष्य?"

हे मात्र मला लागलं.

"कळायला लागल्यापासून दरवर्षी मागितलं, आत्या. मिळालं? आता मी काहीही मागत नाहीये. तो माझा भाऊ आहे, म्हणून ओवाळतेय."

मी निरांजन लावलं. फॅनच्या वाऱ्याने ज्योत आडवी होऊ लागली, म्हणून तळहाताचा आडोसा धरला. तेवढ्यात आई उठली. ती तबक काढून घेणार असं वाटून मी ते घट्ट धरलं. ती माझ्या बाजूने भिंतीपर्यंत गेली आणि तिने फॅन बंद केला.