‘ऑब्लाइज्ड’चे दोन अर्थ

त्या दिवशी देवी सातेरीवरचा माझा विश्वास पहिल्यांदाच डळमळला.

वहिनीची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती आणि माझं एक तिला द्यायचं मी ठरवलं होतं. आई गेली तेव्हा मी चार वर्षांची होते. डिचोलीच्या आमच्या घरी नवी नवरी म्हणून आलेल्या वहिनीनंच मला लहानाचं मोठं केलं. तपासण्या जुळल्या. पण आमचं नातं रक्ताचं नसल्यानं हॉस्पिटलच्या समितीची परवानगी लागणार होती. इंग्रजीत बोललं तर वजन पडेल, म्हणून लेकीकडून मी एक वाक्य लिहून घेऊन पाठ केलं होतं, वहिनीच्या उपकारांचं.

“मूत्रपिंड का देता?” समितीतल्या डॉक्टरबाईंनी इंग्रजीत विचारलं.

“आय ॲम ऑब्लाइज्ड,” मी म्हटलं, आणि पुढचे शब्द विसरले.

सगळ्यांचे चेहरे गंभीर झाले. मला बाहेर थांबायला सांगितलं. बाहेर बसलेल्या लेकीला हे सांगताच ती पांढरीफटक पडली. “आई, ‘ऑब्लाइज्ड’ म्हणजे उपकृत, तसंच भाग पाडलेलीसुद्धा! तुझ्यावर सक्ती आहे, असं वाटलं असेल त्यांना.”

मी बाकावर बसून रडू लागले. देवीला म्हटलं, तू खरंच आहेस का गं? असलीस तर आता माझ्याकडे शब्दच नाहीत, तूच काय ते बघ. शेजारी पेडण्याची एक म्हातारी बाई नवऱ्याच्या तपासणीसाठी बसली होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

“इंग्लिश कित्याक गो बाय? आपल्या भाशेन सांग,” ती म्हणाली. माझा हात धरून उठवलं आणि स्वतःच दार ठोठावलं. “हिका परत एकदा विचारा,” तिनं आत सांगितलं.

डॉक्टरबाईंनी या वेळी मराठीत विचारलं, “तुम्ही नाही म्हणालात तर घरी कोण रागावेल?”

“कोणी नाही. वहिनी तर नकोच म्हणते. रोज भांडते माझ्याशी. पण मला आई एकदा गेलेली ठाऊक आहे, डॉक्टर. दुसऱ्यांदा जाऊ द्यायची नाही.”

परवानगी मिळाली. बाहेर आले तर बाकावर ती म्हातारी नव्हती. त्या बाईचं नावही मी विचारलं नव्हतं.

ऑपरेशननंतर काही दिवसांनी वहिनी नर्सच्या आधारानं माझ्या खाटेपाशी आली. डोळे भरले होते, पण आभाराचा शब्द नाही. लहानपणी जेवले की नाही ते विचारायची तसंच दटावल्यासारखं म्हणाली, “जेवलंस मगे?”

मी मान हलवली आणि मनातल्या मनात सातेरीला हात जोडले.