ब्लूबेरी, मनुके आणि थोरल्या जावेचा नैवेद्य

माझ्या थोरल्या जावेनं माझ्या कुत्र्याला जाणूनबुजून मनुके चारले. हे मी विसरलेले नाही. भावकीतले लोक म्हणतात, आता वय झालं, सोडून द्या. वय झालं म्हणूनच सोडत नाही. आता सोडलं तर पुन्हा धरायला वेळ कुठं आहे?

कुत्रा नातीचा. ती बेंगळुरात नोकरीला होती, तिथून तिला परदेशी पाठवलं आणि कुत्रा बेळगावजवळ येळ्ळूरला माझ्या गळ्यात पडला. बुटका, लांब कानांचा, खाण्याच्या बाबतीत निर्लज्ज. मला कुत्र्यांचं कधी कौतुक नव्हतं. आमच्या दारात कुत्री आली, उरलेली भाकरी खाऊन जगली आणि मेली. हा मात्र घरात राहिला, चुलीपुढं माझ्या पायाला टेकून बसायला लागला, आणि मला त्याची सवय झाली.

जाताना नातीनं एक डबा दिला. त्यात निळसर काळी, करवंदापेक्षा लहान फळं. ब्लूबेरी. संपली की मुलगा बेळगावातून आणायचा. ती कशी द्यायची ते नातीनं मला पुन्हा पुन्हा बजावलं. धुवायची, देठ काढायचा. पहिल्यांदा एकच, तीही चिरडून, आणि दुसऱ्या दिवशी पोट बिघडत नाही ना ते बघायचं. मग थोडी थोडी, जेवण म्हणून नाही, खाऊ म्हणून. बर्फातली कडक द्यायची नाहीत, कारण हा न चावता गिळतो आणि घशात अडकतं. साखरेतली, केकमधली तर नाहीतच. "आणि आजी, द्राक्षं आणि मनुके त्याला विष आहेत. एकसुद्धा नको."

जावेचं आणि माझं घर म्हणजे एकाच घराचे दोन तुकडे, मधे भिंत. परस एकच. मी पायरीवर बसून फळं चिरडत होते तेव्हा ती नळावर भांडी घासत होती.

"काय गं, करवंदं धुऊन घालत्यास व्हय कुत्र्याला?"

"करवंदं न्हवंत. ब्लूबेरी."

"पोटच्या पोरास्नी कधी पेरू पुसून दिला न्हाईस. नशीब काढलंय कुत्र्यानं."

"आक्का, ही चालत्यात त्याला. द्राक्षं, मनुकं तेवढं घालू नका. मरंल."

"निळं चालतंय आन काळं चालत न्हाय? सगळं येकच की गं."

"येक न्हाय. मरंल म्हणून सांगतोय न्हवं?"

ती हसली. मी तोंडावर, स्पष्ट सांगितलं होतं आणि तिनं ऐकलं होतं. हे लक्षात ठेवा.

श्रावणात तिच्याकडं सत्यनारायण होता. प्रसादाचा शिरा तिनं मूठभर काळे मनुके घालून केला. मी आत पाटावर बसले होते तेव्हा तिनं परसात जाऊन कुत्र्यापुढं पानावर शिरा वाढला. मला तिचा आवाज खिडकीतून आला, "खा रं खा, देवाचा परसाद कुणाला बाधत न्हाय." मी उठून जाईपर्यंत पान चाटून स्वच्छ झालं होतं.

संध्याकाळी तो ओकला. पुन्हा ओकला. त्या ओकारीत फुगलेले मनुके मी डोळ्यांनी बघितले. मुलगा त्याला गाडीत घालून बेळगावला घेऊन गेला, मी मागं बसले. जनावरांच्या डॉक्टरनं विचारलं, "अज्जी, द्राक्षी खाल्ली काय ह्यानं?" मी होय म्हटलं. तो म्हणाला, मूत्रपिंडं जातात, वाचेल असं आत्ता सांगत नाही. सलाईन लावलं. पुढचे काही दिवस मी रोज पहिल्या बसनं जात होते आणि तो मुतला का एवढंच विचारत होते. ह्या वयात कुणाच्या मुताची वाट बघेन असं वाटलं नव्हतं.

तो वाचला.

त्याला घेऊन घरी आले तर भावकीत वेगळीच गोष्ट फिरत होती. कुत्र्यानं उकिरड्यावर काहीतरी खाल्लं, म्हातारीचं लक्ष नव्हतं. जावेनंच सांगितलं होतं. नातीलाही फोन करून सांगितलं. नात मला रडत म्हणाली, "आजी, तुझं लक्ष नव्हतं का गं?"

मी जावेला विचारलं. ती म्हणाली, "मी कशाला घालू? मला काय येड लागलंय?"

तेव्हा मी ठरवलं. तिनं माझ्यापुढं कबूल करून उपयोग नव्हता. सगळ्यांसमोर, तिच्या स्वतःच्या तोंडानं, मनुके मी घातले, ठाऊक असून घातले, असं तिला म्हणायला लावायचं. त्याच्याशिवाय मी मरणार नाही.

आमच्या भावकीत चंपाषष्ठीला खंडोबाचा नैवेद्य आधी कुत्र्याला देतात. कुत्र्यानं तोंड लावल्याशिवाय कुणी घास घेत नाही. देव्हारा थोरलीकडं, म्हणून नैवेद्य तिच्या हातचा आणि मानही तिचा. पूर्वी दारातलं कुठलंही कुत्रं चालायचं. पण ह्या वर्षी आपल्याच घरातला कुत्रा जेवणार, असं तिनंच कौतुकानं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

मग मी ब्लूबेरी हाती घेतल्या. भाकरीचा तुकडा जमिनीवर ठेवायचा, "थांब" म्हणायचं. झडप घातली की तळहातानं झाकायचं. थांबला की फळ. "घे" म्हटलं की मगच तुकडा. पहिल्यांदा त्यानं माझ्या हाताला ओरखडे काढले. मोठ्या कुत्र्याला फळ अख्खं देता येतं, पण हा हावरट, म्हणून प्रत्येक फळ अर्धं करून, दाबून. अर्ध्या अर्ध्यानं फळंही कमी लागली आणि पोटही बिघडलं नाही. पुढं मुलाला वाढायला सांगितलं. मग दूधवालीला. कुणीही काहीही पुढं ठेवलं तरी माझा "घे" ऐकल्याशिवाय तो पाठ फिरवून माझ्याकडं बघत बसायला लागला. मुलाला वाटलं, पुन्हा कुणी काही घालू नये म्हणून शिकवते आहे. तेही खरंच होतं.

चंपाषष्ठीला भावकी जमली. तळी उचलली, भंडारा उधळला. जावेनं नवं लुगडं नेसून ताट आणलं. बाजरीचा रोडगा, वांग्याचं भरीत, कांद्याची पात. कुत्र्यापुढं ठेवून हात जोडले.

कुत्र्यानं वास घेतला, ताटाकडं पाठ केली आणि माझ्याकडं बघत बसला.

"खा रं. खा की रं बाळा." ती ताट ढकलत होती. तो हलला नाही. पोरं हसायला लागली. भावकीतले सगळ्यांत वडीलधारे आप्पा भिंतीला टेकून बसले होते. ते सरळ झाले.

"काय चुकलंय गं थोरले? देवानं पाठ फिरवली."

"दुसरं कुत्रं बोलवा," ती म्हणाली.

"देवानं तोंड फिरवल्यावर दुसरा देव बोलवायचा व्हय? काय चुकलंय ते सांग."

पोटात कावळे ओरडत असलेली चाळीसएक माणसं तिच्याकडं बघत होती. ती माझ्याकडं वळली. डोळ्यांत पाणी होतं. मला काही वाटलं नाही.

"तू सांग त्याला. तुझं ऐकतंय."

"सांगतो की आक्का. आधी तुम्ही सांगा. श्रावणात काय घातलंतं त्याला?"

"परसाद घातला."

"परसादात काय हुतं?"

आप्पा म्हणाले, "बोल गं बाई, भूक लागल्या."

"मनुकं हुतं," ती म्हणाली. "हिनं सांगितलंतं घालू नको म्हणून. तरी घातलं."

"आन उकिरड्यावर?"

"उकिरड्यावर न्हाय खाल्लं. मीच घातलं."

मुलाच्या हातात फोन होता. पलीकडं नात होती, आरती बघायला जोडलेली. तिनं सगळं ऐकलं. तिला तेव्हाच जोड, असं मी मुलाला सांगितलं होतं.

"आता भरीत आन पात ताटातनं काढा," मी म्हटलं. "कांदाबी चालत न्हाय त्याला. नुसता रोडगा राहू द्या."

तिनं वाकून, नव्या लुगड्याचा पदर सावरत, हातानं भरीत काढलं. रोडग्याचा भरीत लागलेला भाग मी तिला मोडून बाजूला टाकायला लावला. मग मी "घे" म्हटलं. कुत्र्यानं रोडगा खाल्ला आणि लोक पंगतीला बसले.

मी पोटभर जेवले. इतकं भरीत मी वर्षात खाल्लं नव्हतं.

नंतर पायरीवर बसून कुत्र्याला दोन फळं दिली, धुऊन, दाबून. जाऊ नळावर ताट घासत होती. माझ्याकडं बघितलं नाही. नातीचा फोन आला, म्हणाली, आजी, चुकलं माझं, आता तरी थोरल्या आजीशी नीट वाग. मी बघू म्हटलं.

पुढच्या चंपाषष्ठीलाही नैवेद्य जाऊच करणार, मान तिचाच आहे. ताट कुत्र्यापुढं ठेवून तिला पुन्हा माझ्याकडं बघावं लागणार. त्याला मी अजून रोज शिकवते. कुत्रा तरुण आहे आणि माझी तब्येत चांगली आहे.